वणव्याचे वर्ष आणि हिशेबाचे वर्ष

महाशिवरात्रीच्या सुमारास महाराष्ट्रातील पानझडी वनांचा नूर पालटू लागतो. साग, ऐन, धावडा, मोह या वृक्षांची पाने गळून जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर साचतो. पावसाळ्यात कमरेइतके वाढलेले गवत वाळून काडीसारखे होते. ओढे आटतात आणि वारा सुटतो. अशा वेळी विडीच्या थोटकातील एखादी ठिणगीही डोंगरच्या डोंगर पेटवण्यास पुरेशी ठरते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा चार महिन्यांचा काळ वनविभागाच्या कामकाजात आगीचा हंगाम म्हणून ओळखला जातो. या काळात वनांचे रक्षण करणे आणि आगीने दुर्बळ झालेली वने पुन्हा उभी करणे यांसाठी केंद्र व राज्य शासनाकडून दरवर्षी अनुदान उपलब्ध होते. हा पैसा कोठून येतो, कोणत्या कामांवर खर्च होतो आणि त्याचे चीज होण्यासाठी गावाने काय करावयाचे असते, याची माहिती वनालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला असणे आवश्यक आहे.

राज्याच्या सुमारे ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर भूभागापैकी अंदाजे एक-पंचमांश क्षेत्र अभिलेखात वन म्हणून नोंदलेले आहे. ही जमीन बहुतांशी सार्वजनिक मालकीची आहे. तिच्यावर सर्वांचा हक्क असतो आणि म्हणूनच पुष्कळदा तिची चिंता कोणालाच नसते. शेतातील गंजी पेटली तर सारा गाव कळशा घेऊन धावतो. डोंगर पेटला तर मात्र लोक ओसरीवर उभे राहून ज्वाळा पाहतात. ही उदासीनता हीच वणव्याची सर्वांत मोठी मदतनीस आहे.

न दिसणारी हानी

महाराष्ट्रातील बहुतेक वणवे जमिनीलगतचे असतात. मोठी झाडे उभी राहतात, पहिल्या पावसानंतर डोंगर पुन्हा हिरवा दिसतो आणि काही बिघडले नाही असा समज होतो. हा समज फसवा आहे. आग मोठ्या झाडांना सोडते; पण गुडघ्याएवढी रोपे, जमिनीवर पडलेले बी आणि नुकते फुटलेले कोंब नष्ट करते. एखादे वन दरवर्षी जळत राहिले, तर त्यात म्हातारी झाडे तेवढी शिल्लक राहतात आणि त्यांची जागा घेणारी तरुण पिढीच तयार होत नाही. माणसांच्या वस्तीत मुले जन्मली नाहीत तर जे होईल, तेच अशा वनाचे होते.

दुसरी हानी मातीची. पाचोळा हे जमिनीचे पांघरूण असते. ते जळाले की जून महिन्यातील वळवाच्या सरी उघड्या मातीवर आदळतात, आणि राखेबरोबर माती वाहून गावच्या तळ्यात व बंधाऱ्यात जाऊन बसते. पाणी जमिनीत मुरण्याऐवजी वाहून जाते. पुढच्या वर्षी झरा लवकर आटतो, विहीर तळ गाठते; पण त्याचे कारण मागच्या वर्षीच्या वणव्यात होते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जमिनीवर घरटी करणारे तितर व लावे यांची अंडी, सरपटणारे प्राणी आणि असंख्य कीटक यांचा नाश होतो, तो वेगळाच.

वणवा लागत नाही, लावला जातो

या प्रदेशात वणव्यांचे मूळ बहुतांशी माणसाच्या हातात असते. मात्र त्यामागे प्रत्येक वेळी दुष्टावा असतो असे नाही. पुष्कळदा पोटाचा प्रश्न असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा स्वच्छ केली जाते. तेंदूच्या झुडपांना कोवळी, एकसारखी पाने फुटावीत म्हणून जमीन जाळण्याची रीत काही भागांत आहे. पावसाळ्यात चांगला चारा उगवेल या समजुतीने सह्याद्रीच्या उतारांवरील गवत पेटवले जाते. कोकणात भात व नाचणीच्या रोपांसाठी राब भाजतात. त्याची ठिणगी वाऱ्यावर उडून शेजारच्या रानात जाते. यांत प्रत्येकाला आपली वीतभर जागा जाळावयाची असते. पण आगीला हद्दीचे दगड वाचता येत नाहीत.

म्हणून केवळ बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही. मोह वेचणाऱ्याला पाला जाळण्याऐवजी तो झाडून बाजूला करावा लागेल, किंवा झाडाखाली जाळी अथवा जुनी लुगडी अंथरावी लागतील. राब भाजणाऱ्याला वारा पडलेला असताना, भोवतालची पट्टी साफ करून आणि पाणी जवळ ठेवून ते काम करावे लागेल. या पर्यायांना कष्ट पडतात, थोडा खर्चही येतो. वणवा प्रतिबंधाचे अनुदान जेथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, ती जागा हीच आहे.

पैसा कोठून येतो

घटनेच्या ४२ व्या दुरुस्तीने, १९७६ साली, वने हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आला आणि वनांची जबाबदारी केंद्र व राज्य या दोघांची झाली. दहाव्या पंचवार्षिक योजनेत एकात्मिक वनसंरक्षण योजना सुरू झाली. २००९ मध्ये तिला वनव्यवस्थापन सघनीकरण योजना असे रूप मिळाले, आणि २०१७ मध्ये तिच्यात बदल करून 'वणवा प्रतिबंध व व्यवस्थापन योजना' आखण्यात आली. या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण ९० व १० असे आहे. जाळरेषा काढणे व त्यांची निगा राखणे, हंगामी अग्निरक्षक नेमणे, टेहळणी मनोरे उभारणे, आग विझवण्याची साधने घेणे, वनात पाणीसाठे व मृद्संधारणाची कामे करणे, लोकजागृती आणि वणव्यापासून वन राखणाऱ्या गावांना प्रोत्साहन ही या योजनेतील प्रमुख कामे होत.

दुसरा स्रोत भरपाईचा आहे. धरण, खाण, रस्ता किंवा वीजवाहिनी यांसाठी वनजमीन वापरावयाची झाल्यास ती वापरणाऱ्या यंत्रणेला पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि त्या वनाचे निव्वळ वर्तमान मूल्य शासनाकडे भरावे लागते. २०१६ च्या भरपाई वनीकरण निधी अधिनियमानुसार या रकमेचा ९० टक्के भाग राज्याच्या निधीत व १० टक्के राष्ट्रीय निधीत जमा होतो. २०१८ च्या नियमांनुसार निव्वळ वर्तमान मूल्यापोटी मिळालेल्या रकमेपैकी किमान ८० टक्के रक्कम वने व वन्यजीव यांच्या व्यवस्थापनावर खर्च करावी लागते. वणवा प्रतिबंध, नैसर्गिक पुनरुत्पत्तीला साहाय्य आणि माती व ओल यांचे संधारण ही कामे तिच्यातून करता येतात. एका ठिकाणी गमावलेल्या वनाच्या मोबदल्यात दुसऱ्या ठिकाणचे वन सावरावे, हा या निधीचा हेतू आहे.

वित्त आयोगांनीही वनांची दखल घेतली आहे. बाराव्या आयोगाने २००५ ते २०१० या काळासाठी वनांच्या जपणुकीकरिता राज्यांना १,००० कोटी रुपयांचे अनुदान सुचवले. तेराव्या आयोगाने पुढील पाच वर्षांसाठी ते ५,००० कोटींवर नेले. चौदाव्या आयोगाने स्वतंत्र अनुदानाऐवजी राज्यांच्या करवाटपाच्या सूत्रातच वनाच्छादनाला ७.५ टक्के भार दिला, आणि पंधराव्या आयोगाने तो वने व परिस्थितिकी या नावाने १० टक्के केला. यातील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. करवाटपातून येणारी रक्कम राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होते. ती वनांपर्यंत पोहोचणे हे राज्याच्या अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून असते.

दोन वर्षांचा तिढा

अनुदान मंजूर होणे आणि ते वेळेवर उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शासनाचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. आगीचा हंगाम मात्र १५ फेब्रुवारीला सुरू होऊन १५ जूनला संपतो. म्हणजे हंगामाचे पहिले ४५ दिवस एका आर्थिक वर्षात पडतात आणि उरलेले ७६ दिवस, ज्यात एप्रिल व मे हे सर्वांत तापलेले महिने येतात, ते दुसऱ्या वर्षात जातात. वणव्याच्या ऐन भरात हिशेबाचे वर्ष बदलते.

याचे परिणाम गावपातळीवर जाणवतात. फेब्रुवारीत नेमलेल्या अग्निरक्षकाच्या एप्रिलच्या मजुरीसाठी नव्या वर्षाची तरतूद लागते. ती येण्यास विलंब झाला, तर दिवसभर डोंगर पालथा घालणाऱ्या त्या माणसाचे घर उधारीवर चालते. आणि ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याने रान पेटू नये म्हणून जागावे ही अपेक्षा जड जाते. जाळरेषेचे तर याहून कडक आहे. तिचे गवत हिवाळ्यात कापावयाचे असते आणि ते वाळल्यावर हंगाम सुरू होण्यापूर्वी, गवतावर दव व हवेत गारवा असताना, देखरेखीखाली जाळावयाचे असते. हे काम मार्चमध्ये सुरू केले, तर जाळरेषा काढणाऱ्यांच्या हातूनच वणवा लागण्याचा संभव असतो. वर्ष संपता संपता आलेला पैसा कागदावर खर्ची पडेल. परंतु आग अडवण्याच्या दृष्टीने तो व्यर्थ होय.

यावर उपाय नियोजनाचा आहे. वार्षिक कृती आराखडा वेळीच गेला, मागील वर्षाची उपयोगिता प्रमाणपत्रे रखडली नाहीत आणि राज्याचा हिस्सा सोबतच उपलब्ध झाला, तर हप्ता अडण्याचे कारण उरत नाही. अग्निरक्षकांच्या मजुरीची तरतूद दोन्ही वर्षांत विभागून आधीच दाखवणे आणि जाळरेषांचे काम डिसेंबर-जानेवारीत उरकणे, या दोन गोष्टी काटेकोरपणे पाळल्या गेल्या तरी अर्धे यश पदरात पडते. वणवा प्रतिबंधाचे अनुदान आग विझवण्यासाठी नसून ती लागू नये यासाठी असते, हे सर्व संबंधितांनी ध्यानी धरले पाहिजे.

आकाशातून येणारी सूचना

या कामी विज्ञानाचीही मोठी मदत झाली आहे. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने वनातील आगीच्या सूचना राज्यांना पाठवते. प्रारंभीच्या यंत्रणेला सुमारे एक किलोमीटरचा चौकोन हे एकक होते. २०१७ पासून वापरात आलेल्या यंत्रणेत ते ३७५ मीटरवर आले, त्यामुळे लहान आगीही दिसू लागल्या. जानेवारी २०१९ मध्ये या सूचनापद्धतीची सुधारलेली आवृत्ती सुरू झाली. आता संबंधित वनकर्मचाऱ्याला भ्रमणध्वनीवर आगीचे ठिकाण कळते, आणि नावनोंदणी करून सामान्य नागरिकालाही आपल्या भागाच्या सूचना मिळवता येतात.

देशात २०२१-२२ च्या हंगामात अशा २,२३,३३३ आणि २०२३-२४ मध्ये २,०३,५४४ सूचना नोंदल्या गेल्या. एकाच मोठ्या वणव्याच्या अनेक सूचना येऊ शकतात. त्यामुळे हे आकडे वणव्यांची संख्या दाखवत नाहीत, त्यांवरून आगीच्या व्याप्तीचा अंदाज येतो. शिवाय उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच त्या भागावरून जातो. त्याने दिलेली सूचना हाती येईपर्यंत वाऱ्यावरची आग पुढच्या टेकडीवर पोहोचलेली असू शकते. गावातील गुराख्याचा डोळा आणि त्याच्या हाती असलेला वनपालाचा दूरध्वनी क्रमांक यांची बरोबरी कोणताही उपग्रह करू शकत नाही.

वन पुन्हा उभे करणे

वणवा रोखणे आणि वन सावरणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. घाणेरीचेच उदाहरण घ्यावे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेचे झुडूप म्हणून अमेरिका खंडातून भारतात आलेली ही वनस्पती आज अनेक वनांत माजली आहे. जळालेल्या, मोकळ्या झालेल्या जागी ती आधी शिरते. उन्हाळ्यात तिच्या वाळक्या फांद्यांची जाळी पाचोळ्यातील आग वर चढवते, आणि आगीनंतर तिला बुडातून पुन्हा फुटवे येतात. आगीमुळे घाणेरी आणि घाणेरीमुळे आग असे हे दुष्टचक्र आहे. वरवर कापून ते तुटत नाही. झुडूप बुडासकट, जमिनीखालून तोडून उपटावे लागते, दोन-तीन वर्षे पुन्हा उगवणारी रोपे काढावी लागतात आणि मोकळ्या जागी मारवेल, पवन्या यांसारखी स्थानिक गवते लावावी लागतात. मेळघाट व्याघ्र प्रकल्पात पुनर्वसित गावांच्या मोकळ्या झालेल्या जमिनींवर गवती कुरणे विकसित करण्यात आली आहेत. कुरणातील गवत वेळीच कापून नेले, तर जनावरांना चारा मिळतो आणि आगीचे इंधनही कमी होते.

ओलावा टिकवणे हा असाच दुहेरी लाभाचा उपाय आहे. सलग समपातळी चर, दगडी बांध आणि वनतळी यांमुळे पाणी मुरते, ओढ्याकाठची झाडी उन्हाळ्यातही हिरवी राहते आणि तो हिरवा पट्टा नैसर्गिक जाळरेषेचे काम करतो. अशा कामांची फळे एका हंगामात दिसत नाहीत. म्हणून एक वर्ष चर खोदून दुसऱ्या वर्षी ते क्षेत्र वाऱ्यावर सोडणे हा पैशाचा अपव्यय ठरतो. निवडलेल्या क्षेत्राला निदान काही वर्षे आगीपासून सलग संरक्षण मिळाले, तर पुष्कळदा रोपे लावण्याचीही गरज पडत नाही. जमिनीत जिवंत असलेली मुळे आणि बी आपले काम आपणच करतात.

ग्रामसभेचा निर्णय

महाराष्ट्रात संयुक्त वनव्यवस्थापनाचा पहिला शासन निर्णय १९९२ साली निघाला. वनालगतच्या गावांतून पुढे हजारो समित्या स्थापन झाल्या. वणवा, अवैध वृक्षतोड व अतिक्रमण यांपासून वन राखणाऱ्या समित्यांना गौरवण्यासाठी २००६-०७ पासून संत तुकाराम वनग्राम योजनेखाली पुरस्कार दिले जातात. व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांसाठी २०१५ मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना सुरू झाली. तिच्यातून स्वयंपाकाच्या गॅसपासून शेतीच्या कुंपणापर्यंत अनेक बाबींना साहाय्य मिळते आणि वनावरील भार हलका होतो.

२००६ च्या वनहक्क अधिनियमाने ग्रामसभेला सामूहिक वनक्षेत्राचे रक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे उदाहरण तर वणव्याच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. सामूहिक हक्क मिळाल्यानंतर तेथील ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे बंद करण्याचा निर्णय घेतला. तेंदूपानाचा हंगाम म्हणजे हमखास रोख रक्कम. ती सोडणे सोपे नव्हते. परंतु पानांसाठी झाडांची छाटणी होते, जंगलाला आगी लावल्या जातात आणि तेंदूची फळेही हाती लागत नाहीत, असा विचार ग्रामसभेने केला आणि बांबूच्या व्यवस्थित तोडणीवर आपला भर ठेवला. प्रत्येक गावाने तेंदूपान सोडावे असा याचा अर्थ नव्हे. ज्या गावाला वनाचे उत्पन्न आपले वाटते, ते गाव आगीचा हिशेबही आपला मानते, हा त्यातील बोध आहे.

चार सभा, चार कामे

ग्रामपंचायतीने यासाठी वेगळी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. वर्षातील प्रचलित चार ग्रामसभांचा उपयोग करून घेतला तरी पुरे. २ ऑक्टोबरच्या सभेत वनरक्षकाला बोलावून मागील आगींची ठिकाणे नकाशावर पाहावीत आणि जाळरेषा कोठून जाव्यात हे ठरवावे. २६ जानेवारीच्या सभेत अग्निरक्षकांची नावे, विझवण्याची साधने, पाण्याच्या जागा आणि दूरध्वनी क्रमांक निश्चित करावेत. मोह वेचणारे, गुराखी व राब भाजणारे यांच्याशी याच वेळी बोलावे. १ मे रोजी हंगामाच्या मध्यावर आढावा घेऊन अग्निरक्षकांची मजुरी पोहोचली की नाही याची चौकशी करावी. १५ ऑगस्टला जळालेल्या क्षेत्रात नवी रोपे किती उगवली हे पाहून पुढील वर्षाच्या आराखड्यासाठी कामे सुचवावीत. अशा रीतीने गेलेल्या मागणीमागे गावाचे मत असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते.

या कामात शासकीय सेवकांवर कायद्याचेही बंधन आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या ७९ व्या कलमानुसार वनात हक्क किंवा सवलत असलेली व्यक्ती आणि वनालगतच्या गावातील शासकीय सेवक यांनी वणव्याची माहिती तात्काळ देणे आणि तो विझवण्यास साहाय्य करणे हे कर्तव्य ठरते. राखीव वनात आग लावणे हा २६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. हेतुपुरस्सर किंवा अक्षम्य निष्काळजीपणाने आग लागल्यास त्या वनातील चराईचे व वनोपजाचे हक्क स्थगित करण्याचा अधिकारही राज्य शासनाला आहे. एकाच्या काडीची शिक्षा सर्व गावाला भोगावी लागू शकते, हे सभेत स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक शाळेच्या व पंचायतीच्या भिंतीवर ठळकपणे लिहिलेला असावा.

शिक्षकांचे कार्य याहून खोलवर जाणारे आहे. शाळेच्या आवारातील पाला दररोज जाळला जात असेल, तर पाचोळा म्हणजे जाळण्याची वस्तू हाच धडा मुले शिकतात. तोच पाला खड्ड्यात कुजवून परसबागेला खत म्हणून घातला, तर वेगळा धडा मिळतो. जळालेल्या व न जळालेल्या जमिनीची हातभर तुकड्यावर तुलना करणे, दोन्हीकडची रोपे मोजणे आणि पावसानंतर ओल पाहणे हे प्रयोग कोणत्याही खर्चाविना करता येतात. मुलांनी स्वतः मोजलेली रोपे घरातील वडीलधाऱ्यांना जे पटवून देतील, ते फलकांना साधणार नाही.

वन उभे राहण्यास पिढी लागते आणि जळण्यास एक दुपार पुरते. शासनाचे अनुदान या दोहोंमधील अंतर भरून काढू शकत नाही; मात्र योग्य वेळी, योग्य जागी आणि गावाच्या संमतीने खर्च झाले, तर ती दुपार टाळण्याचे बळ ते निश्चित देऊ शकते. जाळरेषेचे गवत थंडीतच कापले जाणे, अग्निरक्षकाची मजुरी वैशाखात थकित न राहणे आणि मोहाखालचा पाला पेटण्याऐवजी झाडला जाणे या तीन साध्या गोष्टी ज्या गावात घडतील, त्या गावाच्या डोंगरावर पुढच्या पावसाळ्यात उगवलेली रोपे त्यानंतरच्या उन्हाळ्यातही जिवंत दिसतील.